वेल्डिंग रोबोच्या टॉर्च-माउंटचं पेटंट : एका तपासणीची पूर्ण हकिकत

मी इतरांसाठी पेटंटचे अर्ज करते. अर्जावर पेटंट कार्यालयाचा परीक्षक देतो तो पहिला तपासणी अहवाल, आमच्या बोलीत एफईआर, मी शेवटच्या पानापासून वाचते. शेवटी औपचारिक बाबी असतात: सह्या, फॉर्म, तारखा. त्या आधी मार्गी लावल्या की खऱ्या आक्षेपांकडे शांतपणे बघता येतं. या अहवालाच्या वेळी ते जमलं नाही. पानं मागे नेताना डी१ समोरची ओळ दिसली आणि मी तिथेच थांबले. डी१ म्हणजे अर्जाविरुद्ध परीक्षकाने पुढे केलेला पहिला दस्तऐवज. बहुतेकदा ते एखादं जुनं जपानी किंवा जर्मन पेटंट असतं. इथे तो माझ्याच अर्जदाराने स्वतःच्या पानावर टाकलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ होता, आमचा पहिला अर्ज दाखल होण्याच्या आठ महिने आधीचा.

अर्जदार भोसरी एमआयडीसीतले. दोन रोबो सेल, म्हणजे वेल्डिंग रोबो बसवलेले कामाचे कप्पे, आणि सीट फ्रेम व ब्रॅकेटचं काम. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पेटंट क्रमांक देत नाही. वेल्डिंग रोबोच्या बसवणीच्या सामानावर, म्हणजे माउंट, ब्रॅकेट, क्लॅम्प, शॉक सेन्सर यांवर, आपल्याकडच्या शॉपमध्ये भरपूर डोकं चालतं आणि त्यातलं फार थोडं पेटंटच्या तपासणीत टिकतं. का टिकत नाही, हे या एका फाइलीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

धडक आणि अर्धी तार

रोबोच्या सहाव्या अक्षाच्या, म्हणजे मनगटाच्या, टोकाला फ्लँज, म्हणजे बसवणीची चपटी तबकडी, असते. तिच्यावरची भोकं आयएसओ ९४०९-१ या मानकाप्रमाणे असतात. ५० मिमीच्या वर्तुळावर एम६ चे चार बोल्ट हा त्यातला नेहमीचा प्रकार. फ्लँजवर शॉक सेन्सर, त्याच्या पुढे ब्रॅकेट, ब्रॅकेटमध्ये टॉर्च, म्हणजे वेल्डिंगची बंदूक, टॉर्चची वाकडी नेक, नेकच्या टोकाला कॉन्टॅक्ट टिप, आणि टिपमधून बाहेर येणारी १.२ मिमीची तार. एवढ्या सगळ्या लवाजम्यातून रोबोला एकच गोष्ट माहीत असावी लागते: तारेचं टोक नेमकं कुठे आहे. त्या बिंदूला टीसीपी म्हणतात. प्रोग्राममधला प्रत्येक पॉइंट त्या बिंदूच्या भरवशावर शिकवलेला असतो.

मग कधीतरी जिगचा, म्हणजे पीस धरून ठेवणाऱ्या साच्याचा, एखादा क्लॅम्प उघडा राहतो, किंवा पीस उलटा बसतो, आणि टॉर्च जाऊन धडकते. नेक वाचावी म्हणूनच शॉक सेन्सर असतो. त्यातली स्प्रिंगने दाबून धरलेली चकती कलते, मायक्रोस्विच उघडतो, रोबो थांबतो. ऑपरेटर पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा हातातला पॅनेल, घेऊन रोबो मागे घेतो, चकती टक्कन जागेवर येते. जवळजवळ जागेवर.

त्या ‘जवळजवळ’चा हिशेब करून बघा. चकतीच्या बैठकीपासून तारेच्या टोकापर्यंत ३५० मिमी अंतर धरा. चकती फक्त एक दशांश अंश तिरकी बसली तर टोक ०.६ मिमी सरकतं. तार जोडाच्या रेषेपासून स्वतःच्या अर्ध्या जाडीहून जास्त हलू नये, असा शॉपमधला ढोबळ नियम आहे. १.२ मिमीची अर्धी जाडी ०.६. म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही अशा तिरकेपणाने सगळी सूट खाऊन टाकली. रात्रपाळीचा ऑपरेटर वेल्ड बाजूला पडताना बघतो आणि पॉइंट टचअप करतो, म्हणजे प्रोग्राममधला पॉइंट थोडा सरकवतो. पुढच्या धडकेनंतर पुन्हा टचअप. महिनाभराने प्रोग्राम असा झालेला असतो की तो ना मूळ जिगला जुळतो ना टॉर्चला.

या शॉपमध्ये एक जुने फिटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. मामांनी बाजारातला सेन्सर काढून स्वतःची चकती केली. खाली तीन व्ही-खाचा, वर तीन कडक केलेले गोळे. प्रत्येक गोळा आपल्या खाचेच्या दोन भिंतींना टेकतो, असे सहा स्पर्श. चकतीला हलता येईल अशा सहा वाटा आणि त्या सहाही बंद. दर वेळी एकाच जागी बसणारी बैठक. ही मांडणी उपकरणं बनवणारे एकोणिसाव्या शतकापासून वापरतात आणि तिला केल्विन, मॅक्सवेल यांची नावं चिकटलेली आहेत. मामांना ती नावं ठाऊक नव्हती. त्यांनी ती आपल्या बुद्धीने गाठली, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. पण पेटंटच्या कायद्यात आदराला कलम नाही.

तीन गोळ्यांनी काम झालं, आणि आठवड्याभरात बिघडलं. स्पॅटर. धडकेत चकती उघडली की वेल्डिंगचा एखादा दाणा उडून खाचेत जाऊन बसतो. गोळा त्या दाण्यावर टेकतो आणि पुन्हा तोच दशांश अंश. मामांनी खाचांच्या तोंडाशी एक-एक मिलिमीटरची तीन भोकं पाडली आणि त्यांत हवा सोडली. चकती बसलेली असताना तिच्या मधल्या उंचवट्याने हवेची वाट बंद असते. धडकेने चकती उघडली की वाट आपोआप उघडते, हवा तिन्ही खाचा झाडून काढते, आणि चकती परत बसली की वाट बंद. वेगळा व्हॉल्व्ह नाही, सिग्नल नाही. चकतीच व्हॉल्व्ह.

माझ्या मते शोध इथे होता. आम्ही अर्ज मात्र दुसऱ्याच गोष्टीचा केला.

अर्जात काय गेलं

फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज, आणि पेटंट कायद्याच्या कलम ९ मधली बारा महिन्यांची मुदत संपायच्या आत पूर्ण तपशीलपत्र. महाराष्ट्र मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, अर्ज तिथेच. लघुउद्योग म्हणून उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८, लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म ९, जलद तपासणीसाठी फॉर्म १८ए. लघुउद्योगांना जलद तपासणीची वाट सप्टेंबर २०१९ पासून खुली आहे, आणि माझा अनुभव असा की अर्ध्याहून अधिक छोट्या मालकांना तिची कल्पनाच नसते. शोधक म्हणून फॉर्म १ वर मामांचं नाव घातलं. मालकांना आधी ते पटत नव्हतं. पगारी माणसाचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. अर्जदार कंपनी असू शकते, शोधक माणूसच असतो, आणि हक्क कंपनीकडे सोपवण्यासाठी मामांची सही लागतेच, हे समजावल्यावर मालक मानले.

क्लेम म्हणजे ज्यावर हक्क मागायचा त्याचं नेमकं वाक्य. पहिला क्लेम असा होता: पाया, चकती, तीन खाचा, तीन गोळे आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग असलेला, रोबोच्या फ्लँजवर बसवायचा टॉर्च-माउंट. हवा सातव्या क्लेममध्ये होती, शेपटीला. तो क्रम मी ठरवला होता. कारण त्या वेळी पटण्यासारखं वाटलं: पहिला क्लेम जितका मोकळा तितकं कुंपण मोठं. जुनी पेटंटं हुडकण्याचं कामही अपुरं झालं होतं. मी वेल्डिंग टॉर्चच्या आधारांच्या वर्गात, बी२३के ९/२८ मध्ये, आणि रोबोच्या सुरक्षा साधनांच्या वर्गात, बी२५जे १९/०६ मध्ये पाहिलं होतं. मशीन टूलच्या बाजूला गेलेच नाही.

परीक्षक गेला. डी२ हे स्प्रिंग आणि गोळ्यांनी सुटणाऱ्या टॉर्च-धारकाचं जुनं परदेशी पेटंट होतं. त्याची मला अपेक्षा होती. डी३ आला बी२३क्यू ११/०० मधून, म्हणजे मशीन टूलचे भाग स्वच्छ आणि कामात ठेवण्याच्या साधनांचा वर्ग. टूल बदलताना स्पिंडलच्या, म्हणजे टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या, निमुळत्या भोकात हवा मारून धातूचे कण झाडण्याची व्यवस्था. ज्याने व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन, चालवलं आहे त्याने तो फुस्स आवाज दिवसातून शंभर वेळा ऐकलेला असतो. मीही ऐकला होता, नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत. तरी सुचलं नाही.

व्हिडिओ

मालकांचा पहिला प्रश्न: “मॅडम, तो व्हिडिओ तर प्रदर्शनातला आहे. प्रदर्शनाला सूट असते ना?”

असते, पण फार अरुंद. कलम ३१ मधली सूट केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलं असेल त्यापुरती, आणि तीही बारा महिन्यांत अर्ज केला तर. साध्या औद्योगिक प्रदर्शनातला स्टॉल त्यात येत नाही. तोच व्हिडिओ स्वतःच्या पानावर टाकणं तर त्याहून नाही. अमेरिकेत शोधकाने स्वतः केलेल्या प्रसिद्धीला वर्षाची सवलत मिळते. ती ऐकीव माहिती आपल्याकडे फिरत असते आणि तिच्या जिवावर लोक निर्धास्त राहतात. भारतात तशी सरसकट सवलत नाही.

मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. ग्रीस लागलेले दोन हात, निळ्या बाह्या. चकती वर उचलली जाते, तीन गोळे चमकतात. मग चकती उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली जाते, खाचा दिसतात, स्प्रिंग दिसते. पुन्हा बसवतात, टक्. हवेची भोकं कुठेच नाहीत, कारण तो हवेच्या आधीचा नमुना होता. एकेक चौकट पुढे नेत मी तीनदा खात्री केली. पहिला क्लेम गेला, दुसराही गेला. सातवा जिवंत होता.

त्याच चौकटींत आणखी एक गोष्ट दिसली. तीन गोळे सारख्या अंतरावर नव्हते. दोन जवळ, तिसरा जरा लांब.

मी मामांना फोन केला. “हो, मुद्दाम,” मामा म्हणाले. “सारखे ठेवले तर रात्रीचा पोरगा चकती फिरवून कशीपण बसवतो. असं केलं की एकाच प्रकारे बसते.”

आमच्या आकृतीत तिन्ही गोळे १२० अंशांवर होते. माझ्या कार्यालयात आकृती काढताना ते ‘नीट’ केले गेले आणि मी ती तपासून सही केली. पूर्ण तपशीलपत्रात कुठेही असमान अंतराचा शब्द नाही. आता घालायचा म्हटलं तर कलम ५९ आडवं येतं. दुरुस्ती फक्त सोडून देण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलाशासाठी. दाखल तपशीलपत्रात मुळात सांगितलेलं नाही ते नंतर आणता येत नाही. नवा अर्ज करायचा, तर तो व्हिडिओच त्याच्याविरुद्ध उभा. एक चांगली कल्पना दोन्ही बाजूंनी गेली. मालकांना हे त्याच दिवशी, भेटून सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

कलम ३-एफ

बसवणीच्या सामानाचा अर्ज असेल आणि एफईआरमध्ये कलम ३-एफ नसेल असं क्वचित होतं. ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपापलं ठरलेलं काम एकमेकांवर अवलंबून न राहता करतं, ती कायद्याच्या लेखी शोध नाही. माउंट म्हणजे काय? प्लेट, बोल्ट, स्प्रिंग, पिन. सगळं ज्ञात. त्यामुळे हा आक्षेप आला की बरेच अर्जदार चिडतात आणि उत्तरात आपल्या मालाचे फायदे लिहितात: हलका आहे, स्वस्त आहे, लवकर बसतो. हे सगळं खरं असूनही उत्तर चुकतं. कलम विचारतं ते वेगळंच: तुमचे भाग एकमेकांशी बोलतात का?

या विषयावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल सगळे सांगतात तो योगायोगाने बसवणीच्याच सामानाचा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, १३ डिसेंबर १९७८. मिर्झापूरची पितळी भांडी. लेथवर भांडं घासून चकचकीत करताना ते हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला, थर्मोप्लास्टिक सिमेंटने चिकटवत किंवा चकच्या जबड्यात धरत, आणि फिरताना ते सुटून कामगाराच्या अंगावर येण्याचा धोका असे. एका कारखान्याने भांडं दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाने, दाबून धरण्याची व्यवस्था केली आणि १९५१ च्या अर्जावर पेटंट मिळवलं. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयातून वर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं: जुन्याच साधनाचा किंचित बदललेला वापर, कारागिराच्या आवाक्यातली ‘वर्कशॉप सुधारणा’. निकाल १९११ च्या जुन्या कायद्याखालचा, पण ते दोन शब्द आजही प्रत्येक सुनावणीत हजर असतात.

मला तो निकाल योग्य वाटतो, आणि तरी तो वाचताना दर वेळी त्या कामगारांचा विचार येतो. धोका खरा होता, उपाय खरा होता, तरी ते पेटंट नव्हतं. उपयोग आणि शोध या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात असंच केलं. तिथे प्रश्न गाडीच्या पुढेमागे करता येणाऱ्या पेडलचा सेन्सर ब्रॅकेटवर नेमका कुठे बसवायचा, एवढाच होता. न हलणाऱ्या खिळीशी बसवणं कोणत्याही सामान्य जाणकाराला सुचलं असतं असं ठरलं आणि तो दावा पडला. ‘कुठे बसवायचं’ याच्या उत्तरात शोध असू शकतो, पण तिथेच का, याचं कारण सहज सुचण्यासारखं नसलं तरच.

आमच्या बाबतीत भाग एकमेकांशी बोलत होते. चकतीचं उघडणं हेच हवेचं सुरू होणं. हवेमुळेच चकतीचं अचूक बसणं. बसण्यामुळेच हवेचं बंद होणं. एक काढलं तर दुसरं अर्थहीन. ३-एफचं उत्तर मी एका परिच्छेदात लिहिलं.

डी३ चं उत्तर तसं सोपं नव्हतं. आधार घासून-झाडून स्वच्छ ठेवायला हवा मारणं हे मशीन टूलवाल्यांना माहीत. तीन गोळ्यांची बैठक माहीत. सुटणारा टॉर्च-धारक माहीत. जाणकार माणूस तिन्ही एकत्र का करणार नाही? कलम २(१)-जेए मधली इन्व्हेंटिव्ह स्टेपची, म्हणजे शोधात खरी नवी झेप असण्याची, व्याख्या तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागते, आणि त्यासोबत ते जाणकाराला उघड नसणंही मागते. शेवटची अट सुटत नाही. चार दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामांची वही

पाचव्या दिवशी शॉपमध्ये गेले. मामांनी कपाटातून वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी. एका पानावर दोन रकाने: ‘हवा नाही’ आणि ‘हवा’. मुद्दाम धडक देऊन दर वेळी टोकाशी डायल गेज, म्हणजे सरकणं मोजायचं घड्याळ, लावून घेतलेल्या नोंदी. ०.६ च्या वर गेलेल्या आकड्यांभोवती लाल पेनाचे गोल. पहिल्या रकान्यात गोलच गोल, दुसऱ्यात एकही नाही. हे पान मी आधी पाहिलेलं होतं, कारण तो तक्ता तपशीलपत्रात घेतला होता.

पानाच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ: “इमर्जन्सी लागली की सोलेनॉइड बंद. म्हणून आधीच टी मारून डायरेक्ट लाइन.”

“मामा, याचा अर्थ काय?”

मामांनी मला सेलच्या मागे नेलं. हवा गाळून तिचा दाब नेमणाऱ्या एफआरएल युनिटनंतर हवेची लाइन सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे, म्हणजे विजेच्या सिग्नलवर उघडणाऱ्या झडपेकडे, जाते. शॉक सेन्सरचा स्विच उघडला की त्यांच्या सेलमध्ये इमर्जन्सी लागते, आउटपुट पडतात, सोलेनॉइड बंद होतो. म्हणजे स्पिंडलसारखी हुकमावर चालणारी हवा इथे लावली, तर जिथे तिची गरज आहे नेमक्या त्याच क्षणी ती मेलेली असणार. मामांनी आधी तसंच केलं होतं, आणि ते चाललं नव्हतं. म्हणून त्यांनी सोलेनॉइडच्या आधी टी, म्हणजे पाइपचा तीन तोंडांचा जोड, बसवून छोटी लाइन थेट चकतीपर्यंत आणली. इमर्जन्सीत जिवंत राहणारी लाइन म्हणून त्यांनी भोक मुद्दाम एक मिलिमीटरचं ठेवलं, म्हणजे त्या हवेने काहीही हलत नाही, फक्त फुंकर बसते. आणि दुरुस्तीच्या वेळी हाताने बंद करायला एक कॉकही लावला.

माझ्या हाताला कंप सुटला होता. स्पिंडलची व्यवस्था उचलून इथे आणणारा जाणकार थेट या भिंतीवर आदळतो. डी३ मध्ये टूल कधी सुटणार हे यंत्राला आधी माहीत असतं, कारण ते सोडण्याचा हुकूम तेच देतं. धडकेचा हुकूम कुणी देत नाही. डी३ वाचून माणूस व्हॉल्व्ह आणि सिग्नलकडे जातो, मामा त्याच्या उलट गेले.

पण हे तपशीलपत्रात होतं का? कारण आज कितीही पटलं तरी दाखल दिवशी लिहिलेलं नसेल तर व्यर्थ. गाडीत बसूनच फाइल उघडली. प्रोव्हिजनलचं तिसरं पान आणि पूर्ण तपशीलपत्राचं अकरावं. मामांच्या वहीतली ओळ मी त्या वेळी जशीच्या तशी भाषांतर करून घातली होती: हवेचा पुरवठा नियंत्रण व्हॉल्व्हच्या आधीच्या बिंदूपासून घेतला आहे, जेणेकरून आपत्कालीन थांब्याच्या वेळीही तो चालू राहतो. तिचं महत्त्व मला तेव्हा कळलेलं नव्हतं. वही समोर होती म्हणून उतरवली, एवढंच. आकृतीत मात्र वही समोर न ठेवता १२० अंश काढले गेले. एकाच फाइलीत दोन्ही प्रकार.

उत्तर आणि सुनावणी

एफईआरला उत्तर द्यायला सहा महिने असतात. आम्ही तीन घेतले. नवा पहिला क्लेम: जुना पहिला, त्यात सातव्यातली स्वतः उघडणारी-मिटणारी हवेची वाट, आणि वर्णनातून घेतलेली नियंत्रण व्हॉल्व्हच्या आधीची जोडणी. जुन्या पहिल्या क्लेमच्या पूर्ण आत बसणारा, म्हणून कलम ५९ ला चालणारा. ‘अचूकपणे’ आणि ‘जवळपास’ असे शब्द स्पष्टतेच्या आक्षेपाखाली काढले. भागांचे क्रमांक क्लेममध्ये घातले. हा भाग अर्ध्या दिवसाचा.

तरी कलम १४ ची सुनावणी लागली. व्हिडिओ कॉन्फरन्सवर, पस्तीस मिनिटं. परीक्षक अहवाल देतो, निर्णय कंट्रोलर घेतो. कंट्रोलरनी सरळ डी३ वर बोट ठेवलं आणि विचारलं की स्पिंडलमधली हवा आणि तुमची हवा यात साफ करण्याच्या दृष्टीने फरक काय. मी म्हणाले, साफ करण्यात काहीच नाही. ती कधी आणि कशाने सुरू होते यात आहे. मग आपत्कालीन थांब्याचा मुद्दा मांडला आणि अकरावं पान दाखवलं. त्यांनी ते पान स्वतः वाचलं. मध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न आला की तक्त्यातल्या ‘हवा’ रकान्याच्या नोंदी याच जोडणीने घेतल्या आहेत का. होत्या, तक्त्याच्या वरच्याच वाक्यात तसं लिहिलेलं होतं.

दुसरा मुद्दा त्यांनी मान्य केला नाही. क्लेममध्ये आम्ही ‘वायू’ लिहिलं होतं, म्हणजे हवा, आर्गॉन, मिश्रण, काहीही. वर्णनात सगळीकडे दाबाखालची हवा. कलम १०(५) म्हणतं की क्लेम वर्णनावर रास्त आधारलेला हवा. मी थोडा युक्तिवाद केला, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सुनावणीनंतरच्या पंधरा दिवसांत लेखी निवेदन दिलं, त्यात ‘वायू’च्या जागी ‘दाबाखालची हवा’ केलं. पेटंट मिळालं.

एक सांगायला हवं. परीक्षकाबद्दल आमच्या धंद्यात चिडून बोलण्याची सवय आहे. या परीक्षकाने एका छोट्या शॉपचा दीड मिनिटाचा व्हिडिओ शोधला, मी न पाहिलेला वर्ग पाहिला, आणि त्यामुळे हा अर्ज मुळात ज्या गोष्टीचा असायला हवा होता त्या गोष्टीपर्यंत आला. डी१ ते डी३ समोर आले नसते तर तीन गोळ्यांचा मोकळा क्लेम मंजूर होऊन गेला असता, आणि पहिल्याच स्पर्धकाने तो व्हिडिओ दाखवून रद्द करून घेतला असता.

मामांची वही आता शॉपमध्ये दोन प्रतींत ठेवली जाते. दर शनिवारी पानांचे फोटो काढून तारखेसह जपतात. प्रदर्शनाला काय न्यायचं हे ठरवण्याआधी मालक फोन करतात. आकृत्या मी आता शॉपमध्येच, माल टेबलावर ठेवून तपासते.

गेल्या वर्षी मालकांचा फोन आला. चार गाळे सोडून एका शॉपमध्ये असमान अंतराच्या गोळ्यांची चकती बनायला लागली होती. दोन जवळ, तिसरा लांब, अगदी मामांसारखी. “हे थांबवता येईल का?” त्यांनी फोटो पाठवला. मी तो मोठा करून खाचांची तोंडं एकेक बघितली. भोकं नव्हती. नाही, म्हणून कळवलं.